रायरुंच्या घरचं गाणं

आमच्या स्वयंपाकघरातून चिंच गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बेंगळूरातल्या आमच्यासारख्या घरातून चिंच जाणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन कळायचं नाही. आमची भाषा मराठी, पण कित्येक पिढ्या इथे काढल्यावर जीभ कानडी झालेली. सकाळच्या भातावर सारू, रात्रीच्या भातावर हुळी ही भाज्यांची आमटी, आणि दोन्ही चिंचेच्या कोळावर उभे. माझी थोरली बहीण इंदिरा, जिला मी अक्का म्हणत असे, गाणं शिकत होती, आणि चिंचेनं गळा बसतो असं रायरुंचं मत होतं. एके दिवशी अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, हाती त्यांनी चिठ्ठी पाठवली. चिंच, दही, केळं, तळणीचे पदार्थ, गार पाणी, यांतलं काही नको. अम्मानं ती दोनदा वाचली आणि चिंचेची बरणी उचलून शेजारच्या बाईंना देऊन आली. एकट्या अक्काचं वेगळं शिजवता आलं असतं. पण घरात वास राहिला तर पोरीला मोह होईल, म्हणून चौघांचंही तोंड बांधलं गेलं. अप्पा लिंबू पिळलेला सारू खाली मान घालून ओरपत. मी एकदा कुरकुर केली तेव्हा अम्मा म्हणाली, "पुट्टी, गप जेव. तुझी अक्का मोठी होणार आहे." पुट्टी म्हणजे धाकटी. माझं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं.

रायरु कोण ते सांगायला हवं. त्यांचे पूर्वज कधीकाळी संस्थानच्या चाकरीत होते. ते स्वतः रेशमाचे मोठे व्यापारी. बसवनगुडीत त्यांचा दुमजली बंगला होता, आणि त्यांच्या पेढीवर अप्पा लिहिण्याचं काम करत. घरात तेही आमच्यासारखंच कानडी मिसळलेलं मराठी बोलत. सगळं गाव त्यांना रायरु म्हणे, म्हणून आम्हीही. दरबार गेले, राजेलोकांच्या देणग्या आटल्या, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तोंड कुठे वळवावं असा प्रश्न पडला, तेव्हा ज्या थोड्या लोकांनी आपलं दार उघडं ठेवलं त्यांतले ते एक. त्यांच्या दिवाणखान्यात दर शनिवारी संध्याकाळी गाणं होई. व्हायोलिन वाजवणारे सुब्बण्णा आणि मृदंगवाले रामय्या, दोघेही त्यांच्याच आउटहाउसमध्ये बायकामुलांसह राहत. अक्काच्या गाण्याच्या मास्तरांना तेच पाठवत. अक्का ज्या तंबोऱ्यावर गाई तोही त्यांचाच, फणसाच्या लाकडाचा, भोपळ्यावर हस्तिदंताची वेलबुट्टी. तो आमच्या घरी कधी आला नाही. घरी अक्का पेटीच्या सुरावर गाई, आणि शनिवारी तिथे गेल्यावर तो माझ्या मांडीवर दिला जाई. अक्कामागे बसून तारा छेडत राहायचं, एवढंच माझं काम.

आज मी म्हातारी झाले. माझी एक लांबच्या नात्यातली नात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. तिची कंपनी दर वर्षी संगीत महोत्सवाला पैसे देते आणि स्टेजभर आपल्या नावाचे फलक लावते, त्याचा तिला संकोच वाटतो. मी तिला सांगते, फलक बरा गं. फलकाला कान नसतात. रायरुंना होते, आणि मी पुढे देशभर हिंडले, पण तसे कान दुसऱ्या कुणाला पाहिले नाहीत. ते खोटी मान डोलवत नसत. तोडीतला गांधार जिथे हवा तिथे लागला की त्यांचे डोळे भरून येत, आणि ते पुसत नसत. लोकांना वाटतं, असा माणूस मनानं मऊ असणार. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

त्यांची एक सवय होती. गाणं ऐन रंगात असताना कोणी पाहुणा उशिरा आला की ते उजव्या हाताची तर्जनी उचलत. त्याबरोबर अक्कानं तिथल्या तिथे थांबायचं, शब्द अर्धा असला तरी. पाहुणा बसे, पानाचं तबक फिरे, हवापाणी विचारून होई. मग बोट खाली येई आणि अक्का पहिल्यापासून सुरुवात करी. एका शनिवारी असं पाच वेळा झालं. घरी येताना जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, मी तिला विचारलं, "अक्का, तुला राग येत नाही?" ती म्हणाली, "गळ्यात राग साठला की वरचा षड्ज लागत नाही. म्हणून येऊ देत नाही."

ती एकोणीस वर्षांची असताना एका शनिवारी तिला ताप होता. अम्मानं सकाळीच निरोप पाठवला होता की पोरीचा आवाज बसलाय. उलट निरोप आला, गाडी पाठवतो, घेऊन या. त्या दिवशी मद्रासहून कोणी गाण्यातले जाणकार आले होते. अक्का बसली, तिनं वर्णम, म्हणजे बैठकीची पहिली रचना, सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. ती थांबली. रायरु पाहुण्यांकडे वळून शांतपणे म्हणाले, "बरं झालं, आज तुम्हांला एक गोष्ट दाखवता येईल. चांगला गळा बिघडतो कसा, ते. गा, इंदिरा. सगळं गा." ती गायली. जिथे जिथे आवाज तुटे तिथे ते बोट उचलत आणि समजावून सांगत, इथे श्वास कमी पडला, इथे घशाचा वरचा भाग सुजलाय, म्हणून स्वर खाली गेला. मग म्हणत, पुन्हा. त्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. पाहुणे वाकून ऐकत होते, एकानं वहीत टिपूनही घेतलं. मी मागे तारा छेडत होते, आणि अक्काच्या चोळीची पाठ ओली होत होत पूर्ण भिजलेली मला दिसत होती. शेवटी त्यांनी तिला बदामाचं गरम दूध दिलं, स्वतःच्या हातानं. पुढे पंधरा दिवस तिला घोट गिळताना दुखायचं.

त्याच वर्षी धारवाडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, घर गाणं ऐकणारं. अप्पांनी पेढीवर ते रायरुंच्या कानावर घातलं. ते एवढंच म्हणाले, "लग्न झालं की बायकांचा गळा जातो. तुमची मुलगी, तुम्ही ठरवा." अप्पांनी ठरवलं. पत्रिका परत गेली. अक्काला कोणी विचारलं नाही, आणि मला आठवतं, त्या दिवशी ती नेहमीसारखीच पहाटे उठून स्वर लावत बसली होती.

आमच्या गावात रामनवमीला चौकाचौकांत मांडव पडतात. महिनाभर रोज संध्याकाळी गाणं, येईल त्याला द्रोणात कोसंबरी आणि पेलाभर पानक, गूळ-वेलदोडा-सुंठीचं. तिथे ऐकायला भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत कोणीही बसतं. अक्का बावीस वर्षांची होती तेव्हा चामराजपेटच्या आमच्या मांडवाचं काम पाहणारे एक मास्तर घरी आले आणि म्हणाले, "तंगी, एक दिवस तू गा. आपल्याच पेटेतली पोर, आणि आम्हीच कधी ऐकली नाही." तंगी म्हणजे धाकटी बहीण. हे दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचं, आणि अप्पा सांगायचे की रायरुंना आवडणार नाही. रायरु स्वतः म्हणत, जपायची वस्तू रस्त्यावर मांडत नाहीत. पण त्या दिवशी अप्पा घरात नव्हते. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सरी. गाईन."

अम्मानं कपाळावर हात मारला. अप्पा रात्री जेवले नाहीत. शनिवारी गाणं संपल्यावर अक्कानं स्वतःच रायरुंना सांगितलं. मी तिच्या मागेच उभी होते. ती म्हणाली, "रायरे, रामनवमीला मांडवात गाणार आहे." ते हसले. "गा की. चांगलं आहे. पण तिथल्या मोडक्या वाद्यांवर नको. सुब्बण्णा येईल, रामय्या येईल, तंबोराही माझाच ने. मी स्वतः येतो ऐकायला." जटक्यात बसल्यावर अक्का माझा हात धरून कितीतरी वेळ हसत होती. ती तशी हसलेली मी आधी पाहिली नव्हती. अप्पासुद्धा म्हणाले, "आपण उगाच भीत होतो."

मांडवात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पेटेतल्या बायका मुलांना घेऊन पुढे बसल्या होत्या. अम्मानं अक्काला तिची पोपटी रेशमी साडी नेसवली होती, केसांत मल्लिगेचा गजरा. पहिल्या रांगेत मध्ये रायरुंची खुर्ची. वर्णम झालं, एक लहान कृती, म्हणजे बांधलेली चीज, झाली, लोक जागचे हलेनात. मग तिनं कल्याणीचा आलाप धरला. तुमचा जो यमन, तीच आमची कल्याणी. दिवाणखान्यात तिला कधी सलग गाऊ दिलं नव्हतं. इथे तिला कोणी थांबवत नव्हतं, आणि हळूहळू ते तिच्या ध्यानात येत गेलं. मी तिच्यामागे बसून इतकी वर्षं ऐकलं होतं, पण हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. ती वर वर जात होती, डोळे मिटलेले, आणि वरच्या षड्जावर जाऊन उभी राहिली.

तेव्हा रायरु उठले. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. घाई नाही, राग नाही. सुब्बण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि व्हायोलिनवरचा गज उचलून मांडीवर ठेवला. रामय्यांनी मृदंगाला गवसणी घालायला घेतली. दोघांनीही मान वर केली नाही. मग रायरुंचा ड्रायव्हर मल्लप्पा चप्पल काढून स्टेजवर चढला, माझ्यापाशी आला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

या प्रसंगाबद्दल नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं की त्यानं तंबोरा माझ्याकडून ओढून घेतला. तसं झालं नाही. मी तेरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. मी अक्काच्या पाठीकडे पाहिलं. ती अजून त्याच स्वरावर होती. मी तारा थांबवल्या, भोपळा कुठे आपटू नये म्हणून खाली हात घातला आणि तंबोरा मल्लप्पाला दिला. जपून दिला.

मागचा सूर नाहीसा झाल्यावर अक्कानं डोळे उघडले. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वळून माझ्याकडे. माझ्या मांडीवर काही नव्हतं. ती पुन्हा समोर वळली आणि गायला लागली. कृतीची पहिली ओळ तिनं दोनदा म्हटली. मागे कोणी म्हणालं, "स्वल्प ताळ्री, जरा थांबा, काय झालंय?" तिसऱ्या वेळी तिचा स्वर थोडा सरकला. अगदी थोडा. मांडवातल्या लोकांना कळलं नसेल, पण रायरु मधल्या वाटेनं बाहेर जात होते, ते तिथे थांबले आणि त्यांनी मागे वळून न पाहता तर्जनी उचलली. अक्का थांबली. इतक्या वर्षांची सवय. तिनं लोकांना हात जोडले. ती पायऱ्या उतरेपर्यंत मांडवाच्या मास्तरांनी घाबरून कर्ण्यावर सनईची तबकडी लावली, आणि लोक पानकाच्या पिंपाकडे वळले.

अप्पांची नोकरी गेली नाही. लोकांना वाटलं होतं जाईल. रायरुंनी फक्त त्यांचं टेबल आतल्या खोलीतून काढून पेढीच्या फाटकाजवळच्या पडवीत ठेवायला लावलं, जिथे रेशमाच्या कोषांची पोती उतरत. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना पाही. त्यांना काम दिलं जात नसे. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत रिकाम्या टेबलाशी बसायचं. सुब्बण्णा रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूला जात. गाण्याचे मास्तर यायचे बंद झाले. घरात कोणी अक्काला बोललं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. अम्मा तिला ताट वाढी, पण तिच्याकडे न बघता.

पावसाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी अप्पा घरी आले, पाय धुतले, आणि पाटावर बसून म्हणाले, "आज रायरु स्वतः पडवीत आले होते. विचारत होते, धाकटीचा गळा कसा आहे."

अम्मा अक्काकडे वळली. मांडवानंतर पहिल्यांदाच तिनं अक्काकडे सरळ पाहिलं. "दसऱ्यापर्यंत तयार होईल का ही?"

अक्का माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती नाही म्हणेल. खरं सांगायचं तर मला वाटलं नाही, मला भीती वाटली. चार वर्षं मी तिच्या मागे बसले होते, आणि पुढे बसल्यावर कसं दिसत असेल हे मी कितीदा मनात पाहिलं होतं, हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"होईल," अक्का म्हणाली.

तिनं मला शिकवायला सुरुवात केली. पहाटे, आतल्या खोलीत, खिडकी लावून. अक्का शिकवते हे पेटेत कळलं तर रायरुंच्या कानावर जाईल, असं अम्माचं म्हणणं. अक्का कडक होती. चुकलं की मांडीवर वेताच्या काठीनं मारी, ताल देता देताच, त्यामुळे तालही चुकत नसे. पण मला तिनं एकदाही मध्येच थांबवलं नाही. गाऊन पुरं झालं की मगच चूक सांगे. तिनं मला तीच कल्याणी दिली. मी म्हटलं, "दुसरा राग दे ना." ती म्हणाली, "त्यांना हाच ऐकायचा असणार."

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी अम्मा मला बसवनगुडीला घेऊन गेली. वाटेत जटक्यात तिनं दोनदा बजावलं, अक्काचं नाव काढू नकोस. दिवाणखाना भरलेला होता. तंबोरा तोच, पण धरायला सुब्बण्णांची मुलगी. मी पुढे बसले. रायरु समोर. मी गायले, आणि खोट्या विनयाची भाषा नको, मी चांगली गायले. वरच्या षड्जाशी पोचताना अक्का जे एक वळण घेई, ते माझ्या गळ्यातून आपोआप आलं. रायरुंचे डोळे भरले. त्यांनी ते ओळखलं. ते त्यांनी ओळखलं नसतं तर दुसरं कोण ओळखणार होतं?

गाणं संपलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं, "पुट्टी, तुला शिकवतं कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ऐकून ऐकून आलं."

"काय म्हणालीस? मागच्यांना ऐकू आलं नाही."

"कोणी नाही शिकवत."

"उभी राहून सांग बाळ. मोठ्यानं."

मी उभी राहिले. दिवाणखान्यातले सगळे कौतुकानं पाहत होते, अम्मा दाराशी हात जोडून उभी होती. मी मोठ्यानं सांगितलं, "मला कोणी शिकवलं नाही." रायरु खुर्चीत मागे टेकले. ते इतके समाधानी मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. ते लोकांना म्हणाले, "बघा. उपजत आहे."

सोमवारी अप्पांचं टेबल आत गेलं.

त्या शनिवारी आम्ही घरी आलो तेव्हा अक्का पानं मांडून बसली होती. तिनं विचारलं, "शिकवतं कोण, विचारलं का?" मी हो म्हटलं. "किती वेळा?" मी म्हटलं, "तीन." तिनं पुढचं विचारलं नाही. माझ्या पानात भात वाढला, वर तूप घातलं आणि म्हणाली की आलापाच्या मध्यावर मी श्वास चुकीच्या जागी घेतला असणार, मला तो तिथे घ्यायची खोड आहे, सकाळी बघू. तो मी तिथेच घेतला होता.

रायरुंनी मला अकरा वर्षं सांभाळलं. पहिली रेडिओची चाचणी, मद्रासची पहिली बैठक, पहिली तबकडी, सगळं त्यांच्या शब्दामुळे. त्यांच्याशिवाय मी कोणी झाले नसते, हे मी त्यांच्या शोकसभेत बोलले आणि ते खरं आहे. ती अकरा वर्षं आणि नंतरचीही कित्येक, अक्का मला पहाटे खिडकी लावून शिकवत राहिली. तिनं लग्न केलं नाही. ती पुन्हा कधी कोणासमोर गायली नाही. रायरु गेले तरी आम्ही खिडकी उघडली नाही.

माझी साठी झाली तेव्हा एका संगीतसभेनं माझा सत्कार ठरवला. पत्रिकेत छापायला गुरूचं नाव हवं म्हणून त्यांचा माणूस घरी येऊन बसला. अवरेकाळूचे, म्हणजे ताज्या वालाचे, दिवस होते. अक्का स्वयंपाकघरात भिजवलेल्या दाण्यांची सालं चिमटीनं काढत बसली होती. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अक्का, तुझं नाव घालू?"

ती सालं काढत राहिली. "आता? लोक विचारतील, इतकी वर्षं कुठे होती. मग तुला सगळं सांगावं लागेल."

"सांगेन."

तिनं माझ्याकडे पाहिलं, परीक्षेला बसवल्यासारखं. मी तिची नजर थोडा वेळ धरली. मग मी टोपलीतले दाणे सारखे करायला लागले.

"रायरुंचं घाल," ती म्हणाली.

मी बाहेर गेले आणि त्यांचं नाव सांगितलं. आठवड्यानं पत्रिका छापून आली, जाड कागद, सोनेरी कडा. अक्कानं चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि रायरुंच्या नावात एक वेलांटी चुकली आहे ती बोट ठेवून मला दाखवली.